सहानुभूतीचा चहा

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गेल्या वर्षी एक चहाचे पाकीट आले. एका सहकाऱ्यांनी ते मुद्दाम मागवले होते. जाड तपकिरी कागद, त्यावर पाठीवरच्या टोपलीचा पट्टा कपाळावर घेतलेल्या, हसणाऱ्या एका डोंगरी बाईचे चित्र, आणि मागच्या बाजूला दहाबारा ओळींचा मजकूर. हा चहा डोंगरातील पारंपरिक शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या ज्ञानातून पिकवला आहे, तो हातांनी खुडला आहे, मध्ये एकही दलाल नाही, शेतकऱ्याला न्याय्य दाम मिळाले आहे आणि तुमचा प्रत्येक घोट एका कुटुंबाला आधार देतो, असा त्याचा आशय. सहकारी म्हणाले, "मॅडम, वाचा तरी. तुमच्या चळवळीचंच काम आहे हे."

मी वाचले, आणि चहाही घेतला. चहा चांगला होता. मजकुराबद्दल मात्र तेव्हा काही बोलता आले नाही. ते बोलणे या लेखात करीत आहे.

साहित्याच्या नियतकालिकात चहाच्या पाकिटाची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, श्रम करणाऱ्या माणसाविषयीचे जे गद्य आज शहरी सुशिक्षित वर्ग सर्वांत अधिक वाचतो, ते कथासंग्रहांत नसून अशा पाकिटांवर असते. दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत काही कसोट्या तयार केल्या. हा अनुभव कोणाचा? बोलतो कोण? ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला नाव आहे काय? त्याच्या दुःखाचे कारण सांगितले आहे की दुःखाचे केवळ चित्र काढले आहे? मूळच्या याच नाशिक परिसरातल्या बाबूराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मराठी वाचकासमोर ठेवले, तेव्हा सहानुभूतीने लिहिलेले आणि आतून लिहिलेले यांतला भेद लपून राहणे अशक्य झाले. त्या कसोट्या पाकिटाला लावण्यास काय हरकत आहे?

चहा हा आपल्यासाठी तसाही निव्वळ पेय कधी नव्हता. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी हॉटेलच्या बाहेर, भिंतीच्या कोनाड्यात, आमच्या वस्तीसाठी एक वेगळी कपबशी असे. वडील सांगत, तिचा कान तुटलेला होता. चहा पिऊन झाला की ती आपणच धुवायची आणि पुन्हा कोनाड्यात पालथी घालायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. म्हणजे बाजाराच्या दृष्टीने वडील पूर्ण ग्राहक होते, आणि समाजाच्या दृष्टीने कोनाड्याबाहेरचे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'पासून (१९८४) कितीतरी आत्मकथनांत चहाच्या हॉटेलातला हा भेद आला आहे. महाडला १९२७ साली पाण्यासाठी आणि नाशिकला १९३० साली काळाराम मंदिराच्या दारासाठी जो सत्याग्रह झाला, त्याचेच हे रोजचे, लहान रूप. त्यामुळे "शेतकरी आणि ग्राहक यांचे थेट नाते" असे कोणी लिहिले की माझ्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : थेट म्हणजे किती थेट? कोनाड्यापर्यंत की टेबलापर्यंत?

आता मजकुराकडे वळू. त्यातला सर्वांत वजनदार शब्द 'पारंपरिक' हा आहे. या देशातील चहाच्या शेतीला हा शब्द कितपत लागू पडतो? ईशान्येकडील सिंगफोसारख्या जमातींना चहाचे झाड पूर्वीपासून माहीत होते, हे खरे. परंतु आज ज्याला आपण चहाचे मळे म्हणतो ते आसामात १८३० नंतर आणि दार्जिलिंगला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी उभे केले. जमीन सरकारने मळेवाल्यांना दिली. मजूर आणले छोटा नागपूरच्या पठारावरून – मुंडा, उराँव, संथाळ. दार्जिलिंगला नेपाळमधून. निलगिरी, अन्नामलई, मुन्नार आणि समुद्रापलीकडे सिलोन येथे तमिळ जिल्ह्यांतील भूमिहीन, त्यांत बहुसंख्य अस्पृश्य मानलेल्या जातींचे. १८५९ च्या करारभंगाच्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणे हा फौजदारी गुन्हा ठरवला आणि तो कायदा विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीपर्यंत टिकला. तेव्हा या डोंगरांत परंपरा असलीच तर ती जमीन कसूनही जमीन नसण्याची आहे. पाकीट ज्या बाईला पारंपरिक शेतकरी म्हणते ती पुष्कळदा शेतकरी नसतेच; ती रोजंदारीची कामगार असते. आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिची रोजची मजुरी २५० रुपये ठरली. तिचे घर मळ्याचे असते. काम सुटले की घर सुटते.

याचा अर्थ काय, हे दोनतीन घटनांवरून ध्यानात येईल. २३ जुलै १९९९ रोजी तिरुनेलवेलीत मांजोलईच्या चहामळ्यातील कामगारांच्या प्रश्नावर मोर्चा निघाला. मागणी मजुरीवाढीची आणि अटकेतील सोबत्यांच्या सुटकेची. कामगार बहुतांशी दलित. पोलिसांनी लाठीमार केला, माणसे ताम्रपर्णी नदीत उतरली आणि १७ जण मेले. त्यांत एक लहान मूलही होते. पुढे २०२४ साली तोच मळा बंद होऊ लागला, तेव्हा चार पिढ्या तेथे राहिलेल्यांपुढे घर सोडण्याचा प्रश्न उभा राहिला. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथे दरड कोसळून कामगारांच्या चाळी गाडल्या गेल्या. ७० माणसे गेली. त्याच मुन्नारमध्ये २०१५ साली चहा खुडणाऱ्या बायकांनी पुरुष पुढाऱ्यांना बाजूला सारून बोनससाठी रस्ता अडवला होता. 'पेंबिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट, हे त्यांनी स्वतः घेतलेले नाव. पाकिटावरची बाई हसते. रस्त्यावर बसलेल्या या बायका बोलत होत्या. ज्याला साहित्याची जाण आहे त्याने या दोन प्रतिमांतला फरक ओळखला पाहिजे.

चहामळ्यावर साहित्य झालेच नाही असे नाही. मुल्कराज आनंद यांची 'टू लीव्हज अँड अ बड' ही इंग्रजी कादंबरी १९३७ ची. पंजाबातील गंगू हा कर्जात बुडालेला शेतकरी बायकोमुलांसह आसामच्या मळ्यावर नेला जातो. त्याची बायको आजाराने मरते. त्याच्या मुलीमागे लागलेल्या गोऱ्या साहेबाच्या गोळीने तो मरतो, आणि साहेब निर्दोष सुटतो. कादंबरीचा संताप खरा आहे. पण मळ्याचे अर्थकारण समजावून सांगण्याचे काम लेखक एका सहृदय गोऱ्या डॉक्टरकडे सोपवतो. गंगू सोसतो, डॉक्टर विचार करतो. ही श्रमविभागणी आपल्या परिचयाची आहे.

दुसरी कादंबरी पी. एच. डॅनियल यांची 'रेड टी' (१९६९). हे लेखक स्वतः मळ्यावर डॉक्टर होते. करुप्पन आणि वल्ली हे दलित जोडपे मुकादमाच्या उचलीला भुलून डोंगरावर जाते आणि ती उचल वर्षानुवर्षे फिटत नाही. तमिळमध्ये ती 'एरियुम पनिकाडू' या नावाने गेली आणि बाला यांच्या 'परदेसी' (२०१३) या चित्रपटामागे तीच आहे. डॅनियलही बाहेरचेच. पण त्यांनी एक गोष्ट केली : उचल कशी दिली जाते, हिशेब कोण लिहितो, खुडलेल्या पानाच्या वजनातून किती कापले जाते, आजारपणाचे दिवस कसे चढतात, हे सर्व त्यांनी मांडले. सहानुभूतीच्या साहित्याला किमान एवढे तरी साधले पाहिजे. दुःखाचे यंत्र उघडून दाखवले पाहिजे. पाकिटावरचे गद्य नेमके हेच टाळते. ते दलाल नाही म्हणते. मालक आहे की नाही, हे सांगत नाही.

या गद्याचा उगम शोधू लागलो तर गंमत अशी की तो एका कादंबरीतच सापडतो. १८६० साली 'मुलतातुली' या टोपणनावाने एका डच माणसाने 'मॅक्स हॅवेलार' लिहिली. तो जावा बेटावर वसाहतीचा अधिकारी होता आणि वरिष्ठांशी भांडून नोकरी सोडून आला होता. जावाच्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर सरकारसाठी कॉफी, ऊस, नीळ, चहा पिकवण्यास भाग पाडणारी जी पद्धत १८३० पासून होती, तिच्यावर त्याने कोरडे ओढले. कादंबरीचा एक निवेदक ॲमस्टरडॅमचा कॉफीदलाल आहे. त्याच्या आत्मसंतुष्टपणाची लेखकाने जी टर उडवली आहे ती आजही ताजी वाटते. १९८८ साली हॉलंडमध्ये न्याय्य व्यापाराचा पहिला शिक्का निघाला, मेक्सिकोतील आदिवासी कॉफी-उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालासाठी. त्याला नाव दिले 'मॅक्स हॅवेलार'. कादंबरीचे लेबल झाले. त्या पुस्तकात सैजाह नावाचा एक जावानी शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याच्या घरची म्हैस जहागीरदाराची माणसे पुन्हा पुन्हा ओढून नेतात. शिक्क्याला त्याचे नाव मिळाले नाही. नाव मिळाले ते त्याची कणव करणाऱ्या साहेबाला. मी हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. शिक्का काढणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि त्या सहकारी संस्थेला त्याचा उपयोगही झाला. पण सहानुभूतीच्या साहित्याचा हा नियमच आहे की, शेवटी मुखपृष्ठावर कणव करणाराच येतो.

आणि नियमांतला एक भेद पाहावा. या शिक्क्याच्या व्यवस्थेत कॉफी लहान शेतकऱ्यांच्या संस्थांकडूनच घेतली जाते. चहाला मात्र मोठ्या मळ्यांकडून घेतला तरी तोच शिक्का मिळू शकतो. अट एवढीच की कामगारांसाठी काही ठरलेल्या गोष्टी मळ्याने पाळाव्यात आणि जादा दामातून कामगारांच्या समितीला निधी द्यावा. म्हणजे जमीनमालकाला प्रश्न न विचारता न्याय मोजायचा. ग्राहकाला हा फरक कळत नाही. तो शिक्का बघतो, बाईचे हसू बघतो आणि त्याचे मन निवते.

येथे थांबून दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा नुसत्या नकाराची होईल. लहान चहा-उत्पादक खरोखरच आहेत. देशातला निम्म्याहून अधिक चहा आज त्यांच्या पानातून होतो. निलगिरीत, आसामात, उत्तर बंगालमध्ये स्वतःच्या दोनचार एकरांवर चहा लावणारी ही माणसे आहेत. त्यांची अडचण वेगळी आहे. खुडलेले पान त्याच दिवशी कारखान्यात गेले नाही तर वाया जाते. साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो, आणि तो करण्याचे यंत्र शेतकऱ्याकडे नसते. म्हणून कारखाना जो भाव देईल तो घ्यावा लागतो. अशा ठिकाणी कोणी थेट, चांगल्या भावाने घेत असेल तर ते स्वागतार्हच आहे. दार्जिलिंगजवळ मिनरल स्प्रिंग येथे बंद पडलेल्या मळ्याची जमीन पूर्वीच्या कामगारांच्या कुटुंबांनी कसायला घेतली आणि संयुक्त विकास ही सहकारी संस्था उभी केली. तेथे चहाबरोबर वेलदोडा, आले, भाजीही होते. तेथील माणसाला शेतकरी म्हटले तर तो शब्द खोटा ठरत नाही. चांगला भाव तेथेच मुरतो जेथे जमीन आधी हातात आलेली असते.

आता नाशिककडे येऊ. आपल्याकडे चहाचे मळे नाहीत; अंगणात गवती चहा आहे तेवढाच. पण डोंगर आहेत आणि डोंगरातले शेतकरीही आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल समाजाची माणसे नागली, वरई, खुरासणी, उडीद पिकवतात. आणि त्यांच्याकडून "थेट खरेदी" ही कल्पना शहरातल्या दुकानदाराला सुचण्याच्या फार आधी महाराष्ट्र शासनाला सुचली होती. १९७२ साली सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नाशिकलाच आहे. १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा झाला आणि त्याखाली एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याला बाजूला करून महामंडळाने आदिवासी सहकारी संस्थांमार्फत धान्य आणि वनोपज घ्यावे, अशी ती योजना. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा सावकाराकडे जावे लागू नये म्हणून खावटी कर्जाची सोय करण्यात आली.

या योजनेत एक शहाणपण होते, जे आजच्या पाकिटात नाही. ज्यांनी ती आखली त्यांना हे माहीत होते की, आदिवासी माल स्वस्तात विकतो तो त्याला भाव कळत नाही म्हणून नव्हे, तर आषाढ-श्रावणात घेतलेली उचल मार्गशीर्षात फेडायची असते म्हणून. नागली काही चहाच्या पानासारखी एका दिवसात खराब होत नाही, ती वर्षानुवर्षे टिकते. तरीही ती खळ्यावरूनच जाते, कारण ती आधीच विकली गेलेली असते. म्हणून खरेदी आणि खावटी या दोन्ही गोष्टी एकत्र असल्याशिवाय थेट खरेदीला अर्थ नाही. केंद्र लांब असेल, ते उशिरा उघडत असेल, पैसा हाती यायला आठवडे लागत असतील आणि घरात आज गरज असेल, तर कायद्याने बाहेर काढलेला व्यापारी पाऊलवाटेने परत येतो. दलाल हा वाईट माणूस असतो म्हणून टिकत नाही. तो वेळेवर पैसे देतो म्हणून टिकतो. त्याला हटवायचे तर त्याची ही जागा कोणीतरी घ्यावी लागते. पाकीट म्हणते "दलाल नाही". मग श्रावणात उचल कोण देते, हा माझा प्रश्न आहे.

माझी एक विद्यार्थिनी सुरगाणा तालुक्यातली. वर्गात हा विषय निघाला तेव्हा तिने सांगितले की, त्यांच्या पाड्यावर शहरातून काही मंडळी आली होती. नागलीच्या पिठाच्या पाकिटासाठी त्यांनी तिच्या आईचा फोटो काढला. "फोटोत आई छान दिसते, मॅडम. पण त्यांनी तिचं नाव नाही विचारलं. आणि दळण ज्या जमिनीतलं, तिचा दावा अजून मंजूर नाही." हे तिचे शेवटचे वाक्य मला या साऱ्या पाकीट-साहित्याची सर्वांत नेमकी समीक्षा वाटते.

कारण त्या जमिनीविषयी डोंगरातली माणसे स्वतः बोललेली आहेत. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला आणि १२ मार्चला मुंबईत पोहोचला. हजारो आदिवासी शेतकरी, त्यांत बायका फार, सुमारे १८० किलोमीटर चालले. दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले. मुंबईकरांनी पाणी दिले, चपला दिल्या. रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. ते सर्व माणुसकीचेच होते. पण मोर्चाची पहिली मागणी चपलांची नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनी नावावर करा, ही होती. छायाचित्र लक्षात राहिले, मागणी मागे पडली, आणि २०२३ साली त्याच मागणीसाठी पुन्हा दिंडोरीहून चालावे लागले. मागणीपत्रक आणि पाकीट ही एकाच डोंगराविषयीची दोन गद्ये आहेत. पहिल्यात बोलणारा "आम्ही" आहे, दुसऱ्यात "ते". पहिले रुक्ष आहे, कलमे घालून लिहिलेले आहे, आणि त्यात जमिनीचा उल्लेख आहे. दुसरे रसाळ आहे, आणि त्यात जमीन हा शब्द फक्त सुगंधाच्या संदर्भात येतो.

माझी आई विड्या वळायची. सिन्नरला पुष्कळ बायका वळतात. संध्याकाळी मोजणी होई, तेव्हा ठेकेदाराचा माणूस काही विड्या छाट म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत आणि त्या विड्याही परत मिळत नसत. हजारी दर वाढला की आई म्हणे, "दर वाढला, आता छाट वाढंल." तिला अर्थशास्त्र कोणी शिकवले नव्हते. दरापेक्षा मोजणारा हात महत्त्वाचा, हे तिला कळले होते. चहामळ्यावर पानाच्या वजनातून होणारी कपात आणि आमच्या घरची छाट ही सख्खी भावंडे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये जमिनीची मालकी राज्याकडे घेऊन ती जातिभेद न करता कसणाऱ्यांच्या समूहाकडे सोपवावी असे मांडले, त्यामागे हीच जाण होती. खरेदीदाराच्या चांगुलपणावर त्यांनी काहीच सोडले नव्हते.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी असे पाकीट हाती आले तर काय करावे? फेकून देऊ नये. वाचावे, आणि काही साधे प्रश्न विचारावेत. जमीन कोणाच्या नावावर आहे? वजन कोण करतो आणि वही कोणाकडे असते? पैसे किती दिवसांनी मिळतात? नापिकीच्या महिन्यांत उचल कोण देतो? या खरेदीदाराला नाही म्हणून दुसऱ्याला विकण्याची सोय आहे काय? आणि पाकिटावरच्या बाईला तो मजकूर कोणी वाचून दाखवला होता काय? ही उत्तरे देणारा विक्रेता सापडला तर त्याच्याकडून जरूर घ्यावे, चार पैसे जास्त देऊन घ्यावे. पण तो व्यवहार झाला. उपकार नव्हे, आणि चळवळही नव्हे.

साहित्याच्या बाजूने एक काम मात्र आपलेच आहे. त्या विद्यार्थिनीला मी सांगितले आहे की, नागलीच्या पाकिटामागचा मजकूर तिने लिहावा. तिच्या आईच्या नावासकट, दाव्याच्या क्रमांकासकट, किती पोती कोणाला किती भावाने गेली यासकट. तिने विचारले, "असं कोण छापील, मॅडम?" या अंकाच्या वाचकांपैकी काही जण उत्पादक संस्थांत, बचत गटांत, सहकारी सोसायट्यांत काम करतात. तिचा प्रश्न मी त्यांच्याकडे देते.

स्टाफरूममधले ते पाकीट संपले. सहकाऱ्यांनी दुसरे मागवले आहे. मी अजूनही त्यांच्याबरोबर चहा घेते, एकाच टेबलावर, एकसारख्या कपांतून. एवढ्यासाठी माझ्या आधीच्या दोन पिढ्यांना लढावे लागले आहे आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण कप सारखा झाला म्हणजे पान खुडणारीचा हिशेब मिटला असे होत नाही. तो मागत राहिले पाहिजे.